‘वाटतच नाही हो!’ : चित्रप्रदर्शनाच्या निवड समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व निवड समितीचे सर्व सदस्य,
वार्षिक चित्रप्रदर्शन

स. न. वि. वि.

संस्थेचं नाव वर लिहिलेलं नाही, ते मुद्दाम. पत्र कुणाला आहे ते तुम्हाला कळेल, आणि बाकी वाचणाऱ्यांना नावाशी काही कर्तव्य नाही. हाच मजकूर, याहून जरा मऊ शब्दांत, मी तुम्हाला पोस्टानं पाठवला होता. त्यावर एक फोन आला. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका, आम्ही तर तुमचं कौतुकच केलंय." मी "हो हो, तसं काही नाही" म्हटलं आणि हसले. फोनवर कुणाला दिसत नाही, तरी हसले. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहून सांगते. लिहिताना मला हसावं लागत नाही.

झालं काय ते आधी.

मी वेंगुर्ला तालुक्यातल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवते. प्रवेशिका भरताना मी ‘व्यावसायिक’ गटापुढे खूण केली आणि तीन तैलचित्रं दिली. मालिका सात चित्रांची आहे, ‘सकाळचा बोजा’ नावाची. तुमच्या नियमात तीनच बसत होती. शेवटच्या रकान्यात चित्रामागची भूमिका विचारली होती. तिथे दोन वाक्यं लिहिली: मी ऑटिस्टिक आहे. ही चित्रं मास्किंगबद्दल आहेत. (मास्किंग म्हणजे लोकांत वावरताना आपलं ऑटिस्टिक असणं झाकणं. त्याबद्दल पुढे लिहिलंय.)

उद्घाटनाच्या दिवशी मुख्य दालनात माझी चित्रं सापडेनात. शोधत शोधत गेले तर जिन्याजवळच्या खोलीत, चहाच्या टेबलाला लागून. दारावर थर्माकोलच्या अक्षरांत ‘प्रेरणा’ (थर्माकोलच्या सजावटीवर बंदी आहे, पण ते असो) आणि चित्रांखाली छापील कार्ड: ‘ऑटिझमवर मात करून साकारलेली कला’.

त्या खोलीबद्दल गैरसमज नको. माझ्या शेजारी विशेष शाळेतल्या मुलांचं मातीकाम होतं आणि त्यातली एक कुर्ली, मला विचाराल तर, अख्ख्या प्रदर्शनातली सगळ्यात बघण्यासारखी वस्तू होती. ज्यानं ती केली त्यानं कुर्ली नुसती पाहिलेली नव्हती, धरलेली होती. मोठा डेंगा धडातून कसा निघतो ते त्याच्या बोटांना ठाऊक होतं. तिच्याखालीही ‘प्रेरणा’. लोक आले, "किती छान ना" म्हणाले, चहा घेऊन गेले. डेंग्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही.

आता तुमच्या माहितीपत्रिकेबद्दल. माझ्या दुसऱ्या चित्राचं नाव ‘स्टाफरूम’. टेबलापाशी एक बाई बसली आहे, समोर चहाचा कप, चेहऱ्यावर हसू. टेबलाची कड चित्राला आडवी कापते. कडेच्या खाली तिचा डावा हात मांडीवर आहे, मुठीत तिसऱ्याची एक शिंपली, आणि अंगठा तिच्या रेघांवरून फिरतोय. अंगठ्याची कातडी लाल झाली आहे. खिडकीतला उजेड मी चेहऱ्यावर पडू दिलेला नाही, चेहरा मुद्दाम सपाट ठेवलाय. सगळ्यात उजळ रंग त्या अंगठ्यावर आहे. त्या अंगठ्याला मला तीन आठवडे लागले.

पत्रिकेत चित्र टेबलाच्या कडेपर्यंत छापलंय. हसरी बाई छापली, हात कापला. मांडणी करणाऱ्या मुलाला विचारलं तर तो म्हणाला, "चौकोनी जागा होती आणि मॅडम, चेहरा मस्त आलाय." त्याला मी दोष देत नाही. माझ्या बाबतीतही चाळीस वर्षं सगळ्यांनी टेबलाच्या वरचंच पाहिलं. फक्त ते चित्र नेमकं त्याचबद्दल होतं.

आणि मग माईक. प्रमुख पाहुण्यांनी माझं नाव घेतलं, पुष्पगुच्छ दिला, माझ्याकडे दोन क्षण बघितलं आणि श्रोत्यांना म्हणाले, "बघा, यांच्याकडे बघून वाटतच नाही हो!" टाळ्या झाल्या. मी मान लववून हसले. तो फोटो तुमच्याकडे आहे, माझ्याकडेही आहे. त्यात माझं हसू बरोबर ‘स्टाफरूम’मधल्या बाईचं आहे आणि डावा हात गुच्छामागे आहे.

सावंतवाडीची लाकडी फळं तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असतील. आमच्या शोकेसमध्ये परातभर होती: हापूस, केळी, सीताफळ, दोन मिरच्या. आलेला पाहुणा हात लावून बघायचा आणि म्हणायचा, "अगदी खरं वाटतं!" लाकडी केळ्याची याहून मोठी तारीफ नाही. पण ती तारीफ असते चितारआळीतल्या चिताऱ्याची. आत पांगारा आहे की आंब्याचं लाकूड, याच्याशी पाहुण्याला देणंघेणं नसतं. माझ्या बाबतीत चितारी मीच आणि लाकूडही मीच, आणि त्या दिवशी माईकवरून कौतुक झालं ते रंगाचं. माझी तिन्ही चित्रं रंगाखालच्या लाकडाबद्दल होती, आणि ती त्याच वेळी जिन्याजवळ टांगलेली होती.

मास्किंग म्हणजे नक्की काय, असं तुमच्यापैकी दोघांनी चहा घेताना विचारलं होतं. तेव्हा मला धड सांगता आलं नाही, चारी बाजूंनी बोलणं चालू असलं की माझं अडतं. आता सांगते.

लहानपणी मी बोलताना जमिनीकडे बघायचे. आई म्हणायची, "तोंड वर कर गो. चोरासारख्या खाली काय बघतंस?" पण डोळ्यांत बघितलं की माझं ऐकणं बंद पडायचं. आवाज यायचा, शब्द लागायचे नाहीत. मग आठ-नऊ वर्षांची असताना एक तोडगा सापडला: कुंकू. बाईच्या कपाळावरच्या कुंकवाकडे बघितलं की तिला वाटतं, ही डोळ्यांत बघतेय. पुरुषांशी बोलताना दोन भुवयांच्या मधे. तीन आकडे मोजायचे, नजर बाजूला न्यायची, परत आणायची. सातवीत एका वर्गमैत्रिणीचं हसणं उचललं. मान किंचित मागे टाकून हसायची ती. लग्न होऊन ती कुठल्या कुठे गेली, हसणं माझ्याकडे राहिलं. लग्नघरात काय बोलायचं, मयताला गेल्यावर काय बोलायचं, एसटीत शेजारी ओळखीचं कुणी आलं तर काय बोलायचं, सगळ्याच्या संहिता मनात तयार. एकदा मयताच्या घरी लग्नघराची संहिता सुरू झाली. त्यावर अधिक लिहीत नाही.

गणपतीत मात्र मी बरी असते. कुणाकडेही जा, प्रश्न ठरलेले: किती दिवसांचा, मूर्ती कुणाकडची, चाकरमानी कधी आले, करंज्या घे गो. सगळं गावच संहितेवर चालतं त्या दिवसांत, मी एकटी नसते. झांजांचा आवाज तेवढा सोसत नाही. आरतीला मी मागच्या पडवीत असते आणि घरचे आता विचारत नाहीत.

एलिमेंटरीच्या परीक्षेला स्मरणचित्र असायचं, तुम्हा सगळ्यांना आठवत असेल. सरावाला आम्हाला ‘मासळी बाजार’ विषय होता. मी वीसेक माणसं काढली, सगळी पाठमोरी. टोपल्या, छत्र्या, लुगड्यांचे काष्टे, सगळं जिथल्या तिथे. तोंड एकाचंही नाही. सर म्हणाले, "सगळी बाजाराकडे पाठ फिरवून खय चालली?" वर्ग हसला, मीही हसले, मैत्रिणीसारखी मान मागे टाकून. आता माझ्या वर्गात असं पाठमोरं चित्र आलं की मी लगेच काही बोलत नाही. ते मूल कुठे बसतं ते बघून ठेवते.

‘मुखवटा’ हा शब्द मला फारसा पटत नाही. मुखवटा एकदा बांधला की काम झालं, आतल्या माणसाला जांभई द्यायची मोकळीक असते. आपल्याकडचा ‘सोंग’ हा शब्द जास्त नेमका आहे. सोंग नुसतं घेऊन भागत नाही, ते वठवावं लागतं, दर क्षणाला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, असं आपण म्हणतो ना. त्यात मी एवढीच भर घालेन की बाकीची सगळी आणता येतात हे खरं, पण ती फुकट येत नाहीत.

मालिकेचं नाव कोकणातल्या दशावतारी नाटकांकडून घेतलंय, हे तुम्हाला सांगायला नको. ‘रात्री राजा, सकाळी डोक्यावर बोजा.’ रात्रभर देवळासमोर राजा होऊन गर्जना केलेला नट सकाळी आपलाच पेटारा डोक्यावर घेऊन पुढच्या जत्रेच्या गावाला चालू लागतो. लहानपणी मला नाटकापेक्षा देवळामागची जागा आवडायची, जिथे नट मांडी घालून बसतात आणि हातातल्या एवढ्याशा आरशात बघून स्वतःचं तोंड स्वतः रंगवतात. कुणी कुणाशी बोलत नाही. मिशी काढताना जीभ गालात घालून गाल पुढे काढतात. मी खांबाला टेकून तास-तासभर बघायचे आणि तिथे मला कुणी "काय बघतंस" विचारत नसे.

दशावतारात लिहिलेली संहिता नसते, हे नंतर कळलं तेव्हा मी थक्क झाले. आख्यान माहीत असतं, बाकी संवाद उभ्या उभ्या रचायचे. मला ते या जन्मात जमायचं नाही. त्या नटांची आणि माझी तुलना करण्यात तेवढा अप्रामाणिकपणा आहे, म्हणून सांगून टाकते. आणि दुसरा फरक खोबरेलाचा. पहाटे ते तोंडाला खोबरेल चोळतात, फडक्यानं पुसतात, आणि खालून बघता बघता कुणाचा तरी काका निघतो.

माझं निदान एकेचाळिसाव्या वर्षी झालं. बहिणीच्या मुलाचं चाललं होतं, त्याच्यासाठी वाचताना मीच सापडत गेले. रात्री कोकणकन्येनं मुंबईला जायचं, दिवसभर तपासणी, परत रात्रीच्या गाडीनं, अशा तीन खेपा केल्या. तिथे एक प्रश्नावली भरायला दिली, पंचवीस विधानांची, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेली. आपण लोकांत वावरताना काय काय लपवतो, काय भरून काढतो, कशात मिसळून जातो, ते मोजणारी. मी ती भरताना पेन्सिल खाली ठेवली आणि खिडकीबाहेर बघत बसले. माझं कुंकवाचं गुपित कुणीतरी आधीच छापून ठेवलं होतं. २०१३ च्या अमेरिकन निदानपुस्तिकेतसुद्धा लिहिलेलं आहे की ही लक्षणं मोठेपणी, शिकून घेतलेल्या युक्त्यांमागे झाकलेली असू शकतात.

इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही, याचं मला फार नवल वाटत नाही. लिओ कॅनर या बालमनोविकारतज्ज्ञांनी १९४३ साली ऑटिझमवरच्या लेखात ज्या अकरा मुलांबद्दल लिहिलं, त्यांत आठ मुलगे होते आणि तीन मुली. पुढे डॉक्टरांच्या आणि लोकांच्या मनातलं चित्र मुलग्याचंच राहिलं. गप्प बसणारी, शहाण्यासारखी वागणारी, वर्गात हात वर न करणारी मुलगी म्हणजे आपल्याकडे गुणी मुलगी. मला तर शाळेत आदर्श विद्यार्थिनीचं बक्षीस होतं.

आईला सांगितलं. ती माडाच्या झावळ्या विणत होती. म्हणाली, "असा तर सगळ्यांचाच असता." थोड्या वेळानं हात थांबवून म्हणाली, "माझाव." आणि परत विणायला लागली. मालिकेतलं सातवं चित्र तिचं आहे, ते मी कुठेच दिलेलं नाही.

जाता जाता एक. आपल्याकडे ऑटिझमला ‘स्वमग्नता’ म्हणतात. ज्यानं हा शब्द घडवला त्याचा हेतू चांगला असेल, पण तो बाहेरून बघणाऱ्याचा शब्द आहे. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांच्या भुवया, दुसऱ्यांचं हसणं, दुसऱ्यांचे आवाज यांत इतकी मग्न होते की स्वतःला भेटायला सवड झाली नाही.

"इतका आतला विषय, मग अमूर्त का नाही करत?" हा प्रश्नही आला होता, आणि तो मला आवडला, कारण तेवढाच चित्राबद्दलचा होता. उत्तर असं, की मला हे आतलं वाटतच नाही. ते स्नायूंत आहे. ड्युशेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरनं १८६२ मध्ये लिहून ठेवलं, की ओठांची टोकं वर ओढणारा गालाचा स्नायू मनात आणलं की हलतो, डोळ्याभोवतीचा मात्र खऱ्या आनंदाशिवाय सहसा हलत नाही. मी ते आरशासमोर शिकले होते, ड्युशेन नंतर वाचला. मास्किंग मानेच्या शिरेत असतं, उचललेल्या डाव्या खांद्यात, खुर्चीच्या कडेला टेकलेल्या अर्ध्या मांडीत असतं. ते दाखवायला मला माणूसच लागतो, हाडामांसाचा. शाळेची सहल घेऊन सासवण्याला करमरकरांच्या शिल्पालयात गेले होते, तिथे मुलं अर्ध्या तासात कंटाळली. मी एकेका पुतळ्याच्या खांद्याला लागून उभी होते. मान न दाखवताही खांद्यावरून माणसाचा स्वभाव कळतो, हे तिथे कळलं.

शिवाय, माणूस समोर बसवून काढणं ही एकच जागा आहे जिथे मला टक लावून बघायची परवानगी असते. माझ्यासमोर बसते ती आमच्या वाडीतली मासे विकणारी एक मावशी. दुपारी टोपली रिकामी झाली की येते, पायरीवर बसते, "काढ काय ता," म्हणते आणि पाच मिनिटांत उघड्या डोळ्यांनी तंद्रीत जाते. बोलावं लागत नाही, हसावं लागत नाही, मोजून नजर काढावी लागत नाही. दोन-दोन तास मी तिच्या डोळ्यांकडे बघते आणि ऐकू येणं बंद होत नाही. डोळे इतके सावकाश बघितल्यावर कळलं की त्यांत पाणी सगळ्यात जास्त खालच्या पापणीच्या काठावर चमकतं.

तुमच्यापैकी एक जण म्हणाले, "मॅडम, सोंगं तर सगळेच घेतात." घेतात. मावशीचाही विकायचा चेहरा वेगळा आहे, मी तो काढलाय. पण तिचा तो चेहरा टोपलीबरोबर खाली उतरतो, तिला पत्ताही न लागता. माझी टोपली कुठे संपते आणि डोकं कुठे सुरू होतं, हे मला एकेचाळिसाव्या वर्षापर्यंत सांगता येत नव्हतं. तुमच्या उद्घाटनाचे दोन तास उतरवायला मला तीन दिवस लागले. खोलीत अंधार करून पडले होते, शाळेत ताप म्हणून कळवलं.

आता पहिल्या चित्राकडे येते, ‘आरसा’. चित्रं जमा केली तेव्हा मिळालेली पावती माझ्यासमोर आहे. तीवर तुमच्या कार्यकर्त्यानं शेरा मारलाय: ‘तोंडाजवळ रंग तडकलेला. चित्र खराब स्थितीत स्वीकारले.’ एका सदस्यांनी तर वॉर्निशचा एक हात मारून द्यायची तयारी दाखवली. त्यांच्या चांगुलपणाबद्दल आभार, पण नशीब मी वेळेवर पोचले.

तेलरंगाचा नियम तुम्हाला माहीत आहे: वरचा थर खालच्यापेक्षा तेलकट हवा. जवसाचं तेल पाण्यासारखं उडून वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेत हळूहळू घट्ट होतं. टिटॅनियम व्हाइट वाळायला रेंगाळतो, तपकिरी अंबर झटपट वाळतो. खालचा थर अजून हलत असताना वरचा कडक झाला की वरचा फाटतो. मी विद्यार्थ्यांना हे करू नका म्हणून शिकवते आणि ‘आरसा’त मुद्दाम तेच केलंय. आधी एक चेहरा काढला, जाड पांढऱ्यात, भरपूर तेल घालून, काहीच भाव नसलेला. माझ्या एकटीचा असतो तसा. लोक त्याला ‘रागावलीस का’ म्हणतात. तो पुरता वाळायच्या आधी त्यावर टर्पेंटाइन घातलेल्या पातळ अंबरनं हसरा चेहरा चढवला. हे सगळं मे महिन्यात. मग पाऊस लागला. आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊक आहे, कॅनव्हास ओल धरून सैल पडतो, चपलांना बुरशी येते. खालचा पांढरा वाळतच नव्हता. दसऱ्याच्या सुमारास ओठांच्या उजव्या टोकाला पहिली चीर दिसली, केसाएवढी. मी रोज सकाळी चहाचा कप घेऊन ती बघायचे. दिवाळीपर्यंत तीन झाल्या. चिरेतून खालचं पांढरं दिसतं, आणि ते मी रंगवलेलं नाही, ते झालंय. अजून होतंय. दहा वर्षांनी त्या चित्रात कुठला चेहरा उरेल हे मला माहीत नाही. माझ्या आतापर्यंतच्या कामात ही एकच गोष्ट मला नवी वाटते, आणि तिची नोंद तुमच्याकडे ‘खराब स्थिती’ म्हणून आहे.

हा राग नाही. म्हणजे थोडा आहे. पण मुख्य दालनात असते तर कुणीतरी विचारलं असतं, "हे तडकलंय की तडकवलंय?" जिन्याजवळच्या खोलीत तसं विचारत नाहीत. तिथे भिंतीवर आधीच लिहिलेलं असतं की बघणाऱ्याला काय वाटायचं आहे.

चित्रांतली माणसं ‘बघणाऱ्याकडे बघत नाहीत, नजर भिडत नाही’, असंही एकानं हळूच म्हटल्याचं कानावर आलं. पिंगुळीची चित्रकथी बघा, चित्रं दाखवत गोष्ट सांगतात ती. ठाकर मंडळींच्या त्या पोथ्यांत बहुतेक पात्रं एका बाजूनं काढलेली, डोळा हा एवढा मोठा, आणि तो कधी आपल्याकडे वळत नाही. पात्रं एकमेकांत गुंतलेली असतात. २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपण सगळ्यांनी अभिमानानं फोटो फिरवले. तिथे नजर न भिडणं ही शैली. माझ्याकडे आलं की लक्षण.

मागणी काय, असं फोनवर विचारलं होतंत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत ऑटिझम आहे आणि दिव्यांग कलाकारांसाठी वेगळा विभाग ठेवायला माझा मुळीच विरोध नाही; ज्याला तिथे जायचं त्यानं खुशाल जावं. पण ते त्यानं ठरवावं. प्रवेशिकेत मी खूण एका गटापुढे केली होती आणि तुम्ही मला दुसरीकडे नेऊन ठेवलंत, न विचारता. पुढच्या वर्षी विचारा. ‘मात’ हा शब्द काढा. मी कशावर मात केलेली नाही, मला करायचीही नाही. त्याच मेंदूनं तो अंगठा रंगवलाय. ज्याला माईकवर बोलणं जमत नाही त्याचं मनोगत लिहून लावा. उद्घाटनाआधी तासभर लाऊडस्पीकर बंद ठेवून दालन उघडलंत तर तेही बरं. याला खर्च काही नाही.

आणि आता जे मला खरं बोलायचं होतं ते.

मुख्य दालनात एका कॉलेजच्या मुलाचं व्यक्तिचित्र होतं. तुमच्यातले ज्येष्ठ सदस्य त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे होते. कान भुवई आणि नाकाच्या बुडाच्या मधे बसतो, तुझा खाली घसरलाय, हे त्यांनी त्याला स्वतःच्या कानाला हात लावून दाखवलं. पोरगा लाल झाला होता. मी दाराशी गुच्छ घेऊन उभी होते आणि मला त्या पोराचा इतका हेवा वाटला की सांगता येत नाही.

माझ्या तिसऱ्या चित्रात, ‘पेटारा’त, एक बाई पहाटे पेटाऱ्यावर बसून तोंडाचा रंग पुसतेय. अर्धा पुसलाय. तिचा डावा पाय बघणाऱ्याकडे पुढे आलेला आहे, आणि तो पाय चुकलाय. टाच मी पायरीच्या उंचीवरून पाहून काढली आणि बोटं नंतर, मावशी ओट्यावर बसलेली असताना, वरून पाहून काढली. दोन्ही एका पायात बसत नाहीत. घोटा पिळवटल्यासारखा दिसतो. चित्र जमा केलं तेव्हाच मला माहीत होतं. चार दिवसांच्या प्रदर्शनात समितीतले तुम्ही सगळे त्या चित्रासमोरून गेलात. तुम्ही आयुष्यभर पाय रंगवलेली माणसं, तुम्हाला तो दिसला नसेल हे शक्य नाही. पण एकानंही म्हटलं नाही, "बाई, पाय बघा." सगळे म्हणाले, "ग्रेट आहात."

सोमवारी दुपारी शाळा सुटल्यावर चित्रं न्यायला येते. कार्ड तुमच्याकडेच ठेवा. ‘आरसा’ गुंडाळताना तोंडाच्या भागावर कागद टेकवू नका, पांढरा अजून ओला आहे. आणि त्या दिवशी कान दाखवणारे सर असतील तर त्यांना थांबायला सांगा. मी मावशीला बरोबर घेऊन येणार आहे, टोपलीसकट. तिला ओट्याच्या उंचीवर बसवू, आणि टाच कुठून सुटली ते त्यांनी मला दाखवावं.

आपली,
‘सकाळचा बोजा’ची चित्रकार